नाशिकच्या आयसीयूत पीए म्हणून रुजू होताय? सुरुवातीचे महिने असे काढा

फिजिशियन असिस्टंटची डिग्री झाली, आयसीयूत पोस्टिंग मिळालं, की पहिला प्रश्न हाच पडतो की इथे माझं नेमकं काम काय. इंटेन्सिव्हिस्ट (आयसीयूचे तज्ज्ञ डॉक्टर) आहेत, आरएमओ (ड्युटीवरचे निवासी डॉक्टर) आहेत, सिस्टर लोक तर वर्षानुवर्षं तिथेच आहेत, मग मी कुठे बसते यात? माझं उत्तर सरळ आहे. कन्सल्टंट दिवसातून दोन-तीनदा बेडपाशी येतात, आरएमओ बदलत राहतात, तुम्ही मात्र पूर्ण शिफ्ट त्याच सहा-आठ पेशंटपाशी असता, त्यामुळे पेशंट बिघडायला लागलाय हे सगळ्यात आधी तुम्हाला दिसायला हवं आणि दिसल्यावर ते योग्य माणसाला नीट सांगता यायला हवं. प्रोसिजर हळूहळू हातात बसतात, हे मात्र पहिल्या आठवड्यापासून करावं लागतं. खालचं सगळं त्याच हिशोबाने लिहिलंय. डोस वगैरे समजण्यापुरते दिलेत, शेवटचा शब्द तुमच्या युनिटच्या प्रोटोकॉलचा आणि डॉक्टरांच्या ऑर्डरचा.

पहिलं काम : हद्द लिहून घ्या

अमेरिकेत १९६५ ला ड्यूक युनिव्हर्सिटीत पीएचा कोर्स सुरू झाला, तिथले पीए प्रिस्क्रिप्शन लिहितात, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) टाकतात, इंट्युबेट करतात (श्वासनलिकेत ट्यूब घालतात). तिथले व्हिडिओ बघून आपल्याकडेही तसंच असेल असं धरून चालू नका. आपल्याकडे २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सच्या कायद्यात फिजिशियन असोसिएट (म्हणजे आपणच) हे नाव आलं ही चांगली गोष्ट झाली, पण रोजच्या कामात आपण डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काम करतो, ऑर्डर त्यांची, सही त्यांची. म्हणून रुजू झाल्या झाल्या युनिटच्या इनचार्ज डॉक्टरांकडून तीन याद्या लिहून घ्या : काय मी एकटीने करायचं, काय कोणी शेजारी उभं असताना करायचं, आणि कशाला अजिबात हात लावायचा नाही. एबीजी (धमनीतल्या रक्ताची ऑक्सिजन-आम्लतेची तपासणी) काढणं पहिल्यात येईल, आर्टेरियल लाइन (धमनीतली नळी) दुसऱ्यात, असं प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. तोंडी "बघून घे गं" वर राहू नका. फोनवर ऑर्डर मिळाली तर ती परत वाचून दाखवायची, औषधाचं नाव, डोस, रूट, वेळ, आणि लिहून ठेवून नंतर सही घ्यायची.

दुसरं : पेशंटच्या आधी जागा ओळखा

पहिल्या दिवशी फाईली वाचत बसण्यापेक्षा युनिटमधून फिरा. क्रॅश कार्ट उघडून बघा, कुठल्या खणात काय आहे, लॅरिंगोस्कोपचा लाइट लागतो का, डिफिब्रिलेटर चार्जिंगला आहे का. प्रत्येक बेडपाशी अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) आणि मास्क आहे का, सक्शन ओढतंय का हे बोट लावून बघा. आणि ऑक्सिजन. पॅनलवरचं प्रेशर किती असतं, ते पडलं की अलार्म कुठे वाजतो, बॅकअपचे जंबो सिलिंडर कुठे आहेत, ते भरलेत की नाही आणि रात्री तीनला मॅनिफोल्ड (सिलिंडरची जोडणी) बदलणारा माणूस कोण, त्याचा नंबर. नाशिकमध्ये काम करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. २१ एप्रिल २०२१ ला डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून ऑक्सिजनची गळती झाली, पुरवठ्याचं प्रेशर पडलं आणि वीसहून जास्त पेशंट गेले. तेव्हापासून मी तरी ड्युटीवर आल्यावर पहिली नजर पॅनलवर टाकते, मग बेडवर.

लाइट गेली, गॅस गेला, व्हेंटिलेटर बंद पडला, तर पेशंटला मशिनपासून काढून अंबूने हाताने श्वास द्यायचा, हे सगळ्यांना पाठ असलं पाहिजे. १९५२ ला कोपनहेगनला पोलिओची साथ आली तेव्हा ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने मेडिकलच्या विद्यार्थ्यांकडून पाळीपाळीने हाताने बॅग दाबून घेत पेशंट जगवले, आयसीयू ही कल्पनाच तिथून रुजली. म्हणजे बॅग दाबता येणं हे आपलं सगळ्यात जुनं काम आहे. सहा सेकंदाला एक श्वास, छाती उठेल एवढाच. घाबरून भराभर दाबत सुटले की हवा आत अडकते आणि बीपी पडतं.

सकाळची फेरी, राऊंडच्या आधी

सर यायच्या निदान तासभर आधी तुमची स्वतःची फेरी झाली पाहिजे. आधी माणूस बघायचा, मग मॉनिटर. नावाने हाक मारा, काका, डोळे उघडा. हात-पाय गार आहेत का, नखावर दाबून सोडलं की तीन सेकंदात रंग येतो का, श्वासाला मानेचे स्नायू लागतायत का, पोट फुगलंय का. हे मॉनिटर सांगत नाही. मग नळ्या : श्वासाची ट्यूब ओठाशी किती सेंटीमीटरवर आहे, बायकांमध्ये साधारण २१ आणि पुरुषांमध्ये २३ च्या आसपास असते पण कालचा आकडा काय होता ते महत्त्वाचं, कफ प्रेशर (ट्यूबभोवतीच्या फुग्यातला दाब) २० ते ३०, सेंट्रल लाइन कितवा दिवस, अजून गरज आहे का, युरिन कॅथेटर अजून कशाला ठेवलाय.

मग आकडे. इथे एक सवय लावा, एकटा आकडा कधी वाचू नका, सहा तासांपूर्वी किती होता ते सोबत वाचा. बीपी ११०/७० म्हणजे छान, पण रात्री बीपी टिकवणारं नॉरअ‍ॅड ३ एमएलवर होतं आणि आता ८ वर असताना ११० आहे तर पेशंट खाली चाललाय. लघवी तासाला वजनाच्या किलोमागे अर्धा एमएल तरी हवी, ६० किलोच्या माणसाला ३० एमएल. श्वासाचा रेट १८ वरून २८ झाला, सॅच्युरेशन मात्र ९६ च आहे, म्हणून गप्प बसलेले नवीन लोक मी खूप बघितलेत. रेट आधी वाढतो, सॅच्युरेशन शेवटी पडतं. श्वास स्वतः मोजा, पूर्ण मिनिटभर.

यादीसाठी फास्ट हग (FAST HUG, प्रत्येक अक्षराला एक गोष्ट) पाठ करा, जाँ-लुई व्हिन्सेंट यांनी २००५ ला सुचवलेली साधी पद्धत आहे : फीड चालू आहे का, वेदनेचं औषध पुरेसं आहे का, सिडेशन जास्त तर नाही ना, रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून हेपरिन किंवा काही, डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर, अल्सरचं औषध, शुगर १४० ते १८० च्या दरम्यान. प्रत्येक पेशंटला रोज. राऊंडमध्ये यातली एक गोष्ट राहिलेली दाखवून दिलीत तरी दिवस सार्थकी लागला समजा.

हिशोब, कागदावर

आयसीयूत चुका औषध माहीत नसल्याने कमी आणि हिशोबाने जास्त होतात, म्हणून यावर जास्त वेळ घालवा.

नॉरअ‍ॅड घ्या. ४ मिलिग्रॅम ५० एमएलमध्ये भरलं तर १ एमएलमध्ये ८० मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या पेशंटला ०.१ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट द्यायचं तर मिनिटाला ६, तासाला ३६०, भागिले ८० म्हणजे साडेचार एमएल तासाला. कोणी नर्सने ८ मिलिग्रॅम भरलं असेल तर तोच पंप तोच आकडा दाखवेल आणि डोस दुप्पट जाईल, म्हणून हँडओव्हरमध्ये नुसतं "नॉरअ‍ॅड साडेचार" ऐकून घेऊ नका, कशात किती भरलंय ते सिरिंजवरच्या लेबलवर वाचा. अँप्युलवर बेस लिहिलंय की बायटार्ट्रेट हेही बघा, २ मिलिग्रॅम बायटार्ट्रेट म्हणजे १ मिलिग्रॅम बेस, कंपनी बदलली की इथे गडबड होते. आणि सिरिंज संपायच्या आधी दुसरी भरून तयार पाहिजे, बदलताना मधल्या त्या अर्ध्या मिनिटात बीपी चाळीसवर जाऊ शकतं.

पोटॅशियम. केसीएलच्या १० एमएलच्या अँप्युलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट असतं आणि ते थेट शिरेत पुश केलं तर हृदय थांबतं. कधीच पुश नाही. नेहमी डायल्यूट करून, हाताच्या लाइनमधून तासाला १० पर्यंत, सेंट्रलमधून मॉनिटर लावून २० पर्यंत. मी तर म्हणते केसीएलच्या अँप्युल इतर अँप्युलच्या ट्रेमध्ये ठेवूच नयेत, तुमच्या युनिटमध्ये तसं असेल तर इनचार्ज सिस्टरना जाऊन सांगा.

व्हेंटिलेटरचा टायडल व्हॉल्यूम (एका श्वासात जाणारी हवा) वजनावर नसतो, उंचीवर असतो. फुफ्फुस जाड माणसाचं मोठं होत नाही. बायकांसाठी ४५.५ आणि पुरुषांसाठी ५०, त्यात सेंटीमीटरमधल्या उंचीतून १५२.४ वजा करून ०.९१ ने गुणून मिळवायचं. १५५ सेंटीमीटरच्या बाईचं येतं ४८ किलोच्या आसपास, एआरडीएसमध्ये (फुफ्फुसाला मोठी सूज येऊन ऑक्सिजन कमी पडतो तेव्हा) किलोला ६ एमएल म्हणजे साधारण २९०. प्रत्यक्षात तिचं वजन ८० असेल आणि कोणी ४८० लावलं तर आपण तिचं फुफ्फुस रोज फाडतोय. म्हणून अ‍ॅडमिशनलाच टेप घेऊन उंची मोजा, झोपलेल्या पेशंटचीही मोजता येते. प्लॅटो प्रेशर (श्वास आत धरून मोजलेला फुफ्फुसातला दाब) ३० च्या खाली.

व्हेंटिलेटर ओरडायला लागला तर

अलार्म सायलेंट करून पुढे जायचं नाही. सॅच्युरेशन पडतंय आणि मशिन ओरडतंय तर पेशंटला सुटा करा, शंभर टक्के ऑक्सिजनवर अंबूने द्या आणि मदतीला हाक मारा, मग चार गोष्टी क्रमाने : ट्यूब सरकली का, ट्यूब चोंदली का, छातीत हवा भरली का, मशिन किंवा सर्किट बिघडलं का. अंबूने सहज हवा जातेय आणि पेशंट सुधारतोय तर दोष मशिनकडे. अंबू कडक लागतेय आणि सक्शन कॅथेटर खाली जात नाही तर चोंदलंय. एका बाजूला हवा जात नाही, बीपी पडतंय, मानेच्या शिरा फुगल्या तर न्यूमोथोरॅक्स, म्हणजे छातीत हवा भरलीय, एक्स-रेची वाट बघत बसायची वेळ नाही, डॉक्टर त्या क्षणी बेडपाशी पाहिजेत.

आपल्या भागातले पेशंट

पुस्तकं बाहेरची असतात, पेशंट मात्र निफाड, दिंडोरी, पेठ, सुरगाणा, इगतपुरीहून येतात. दोन गोष्टी तुम्हाला बाकी शहरातल्या पीएंपेक्षा जास्त चांगल्या यायला पाहिजेत.

पहिली म्हणजे फवारणीचं औषध. द्राक्षाच्या पट्ट्यात घराघरात बाटल्या असतात, ऑक्टोबर छाटणीनंतर तर हाताशीच. "औषध घेतलंय" म्हणून पेशंट आला की आधी स्वतः ग्लोव्ह्ज, मग त्याचे कपडे काढून अंग साबणपाण्याने धुणं, आणि नातेवाइकाला बाटली आणायला पाठवणं, निदान लेबलचा फोटो. ऑरगॅनोफॉस्फेट (कीटकनाशकांचा एक गट) असेल तर लाळ, घाम, उलट्या-जुलाब, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, छातीत घरघर, नाडी मंद. त्यावर उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन सुरू होतं तेव्हा १.८ ते ३ मिलिग्रॅम, म्हणजे ०.६ च्या तीन ते पाच अँप्युल, दर पाच मिनिटांनी बघून सुधारणा नसेल तर दुप्पट. कुठे थांबायचं? छाती स्वच्छ झाली, काख कोरडी झाली, नाडी आणि वरचं बीपी दोन्ही ८० च्या वर. बाहुल्या मोठ्या होण्याची वाट बघायची नाही. मग इन्फ्युजन, आणि इथेच तुमचं काम सुरू होतं, कारण पुढचे दिवस कोणीतरी दर थोड्या वेळाने छातीला स्टेथो लावणारं आणि काखेत हात घालणारं लागतं. ताप, बडबड, बिछाना ओढणं, पोटाचे आवाज बंद, म्हणजे अ‍ॅट्रोपिन जास्त झालं. आणि एक ते चार दिवसांत, पेशंट बरा दिसत असताना, त्याला उशीवरून मान उचलून दाखवायला सांगा. दर शिफ्टला. मान उचलता येईना तर श्वासाचे स्नायू जायला लागलेत, इंटरमीजिएट सिंड्रोम, लगेच सांगा, रात्री कितीही वाजलेले असोत. बाटली पॅराक्वाट या तणनाशकाची निघाली तर गोष्ट वेगळी, तिथे गरज नसताना ऑक्सिजन दिला की फुफ्फुसाचं नुकसान वाढतं, सवयीने मास्क लावू नका.

दुसरी सर्पदंश, गावाकडे म्हणतात पान लागलं. घोणस आणि फुरसे रक्त पातळ करतात, त्याला वीस मिनिटांची टेस्ट : स्वच्छ कोरडी काचेची ट्यूब, २ एमएल रक्त, हलवायची नाही, २० मिनिटांनी तिरकी करायची, गुठळी नसली तर विष चढलंय. प्लास्टिकची ट्यूब चालत नाही. अँटी स्नेक व्हेनमची सुरुवात साधारण १० व्हायलने, लहान मुलालाही तेवढ्याच, कारण सापाने विष वजन बघून सोडलेलं नसतं. शेजारी अ‍ॅड्रेनलिन भरून ठेवा, अंगावर गांध्या, धाप, बीपी पडणं दिसलं की ०.५ मिलिग्रॅम मांडीत, मोठ्या माणसाला.

मण्यार मात्र फसवते. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, जखम दिसत नाही, सूज नाही, पहाटे पोट दुखतं, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, श्वास थांबतो. पावसाळ्यात सकाळी पोटदुखी आणि पापण्या जड असं कोणी आलं तर साप डोक्यात ठेवाच, आधी भगताकडे जाऊन आलेत का हेही न रागावता विचारा. पूर्ण पॅरालाइझ झालेला हा पेशंट मेल्यासारखा दिसतो, बाहुल्यासुद्धा हलत नाहीत, पण तो आतून जागा असू शकतो आणि सगळं ऐकत असतो. त्याच्या बेडपाशी "याचं काही खरं नाही" म्हणू नका आणि कोणाला म्हणू देऊ नका. त्याला सांगा, दादा, तुम्ही दवाखान्यात आहात, मशिन श्वास देतंय, ताकद परत येणार आहे. व्हेंटिलेटरवर नीट सांभाळलेले असे पेशंट काही दिवसांनी पायाने चालत घरी जातात, आमच्या कामातला हा सगळ्यात मोठा आनंद आहे.

डेंगीबद्दल एवढंच, ताप उतरला त्या दिवशी निर्धास्त होऊ नका, धोक्याचे दिवस तिथूनच सुरू होतात, हिमॅटोक्रिट (रक्त किती घट्ट झालंय ते) आणि लघवी बघत राहा. नातेवाईक प्लेटलेटचा आकडा विचारत राहतील, रक्तस्राव नसेल तर १०,००० च्या वर सहसा प्लेटलेट चढवत नाहीत हे शांतपणे सांगता आलं पाहिजे.

फोन कसा करायचा

रात्री सरांना उठवायचं जिवावर येतं, म्हणून लोक पहाटेपर्यंत ओढतात. उठवा. पण असं नको : "सर, बेड चारचं बीपी जरा लो आहे, काय करू?" असं करा (मॅप म्हणजे सरासरी बीपी, लॅक्टेट वाढणं म्हणजे शरीराला रक्तपुरवठा कमी पडतोय) :

"सर, आयसीयूमधून बोलतेय, बेड चार, ६५ वर्षांचे काका, काल न्यूमोनिया म्हणून आलेले. रात्री बाराला नॉरअ‍ॅड साडेचारवर होतं, आता ९ वर आहे तरी मॅप ५८. दोन तासात लघवी ३० एमएल. लॅक्टेट २ वरून ४.६. हात गार आहेत. मला शॉक वाढलाय असं वाटतंय, तुम्ही येऊन बघावं. तोवर एबीजी रिपीट करू आणि कल्चर पाठवू का?"

कोण, कुठे होता, आता कुठे आहे, मला काय वाटतं, मला काय हवंय. फोनच्या आधी फाईल, पंप आणि शेवटचा एबीजी डोळ्यासमोर ठेवा. उत्तर पटलं नाही तर आदराने पण परत सांगा, सर, मला अजूनही काळजी वाटतेय. तरी नाही जमलं तर वरच्या कन्सल्टंटना फोन कसा आणि कधी करायचा हे पहिल्या आठवड्यातच विचारून ठेवा, त्या रात्री नव्हे.

नातेवाईक

बाहेर बाकड्यावर बसलेल्यांना दिवसातून दोनदा तरी कोणीतरी भेटलं पाहिजे. निदान आणि पुढे काय होणार हे डॉक्टर सांगतील, तुम्ही त्यांच्या सोबत उभं राहा, काय बोलणं झालं ते ऐका, म्हणजे नंतर मावशी तुम्हाला एकट्या गाठून "खरं सांग गं पोरी" म्हणतील तेव्हा वेगळी गोष्ट बोलली जाणार नाही. खोटी आशा नको आणि तोडून टाकणारं वाक्यही नको. खर्चाचं लवकर काढा, महात्मा फुले योजनेत केस बसते का हे आरोग्यमित्राकडे (योजनेचा दवाखान्यातला माणूस) पहिल्याच दिवशी विचारायला लावा, रेशनकार्ड-आधार आणायला सुरगाण्याला परत जायचं तर अर्धा दिवस जातो. विषबाधा, अपघात अशा केसला एमएलसी (पोलिसांना कळवायची मेडिकोलीगल नोंद) झाली का हे तपासा, आणि उतरवलेले कपडे, बाटली कोणी फेकून देणार नाही याची काळजी घ्या.

शिकत राहणं

बीएलएस आणि एसीएलएस (हृदय थांबलं तर जीव वाचवण्याचे प्राथमिक आणि पुढचे कोर्स) लगेच करून घ्या. दाबणं मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटीमीटर, अ‍ॅड्रेनलिन १ मिलिग्रॅम दर ३ ते ५ मिनिटांनी, हे झोपेतून उठवलं तरी आलं पाहिजे. इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिनचे कोर्स आणि गाइडलाइन्स शोधून वाचा. पण रोजचा अभ्यास बेडपाशीच होतो : रोज एक एबीजी स्वतः वाचून कागदावर उत्तर लिहायचं आणि मग सरांना विचारायचं. आणि अनुभवी सिस्टरांशी चांगलं राहा, "हा पेशंट मला बरा वाटत नाहीये" असं त्या म्हणाल्या तर आकडे नॉर्मल असले तरी जाऊन बघा.

शेवटचं, नाइटनंतरचं. हँडओव्हर झाल्यावर चहा घेऊन वीस मिनिटं ड्युटीरूममध्ये डोळे मिटा आणि मग गाडी काढा, आडगावहून हायवेने द्वारका चौकाकडे येताना सकाळच्या ट्रॅफिकमध्ये डुलकी लागणं अजिबात परवडत नाही, फार झोप येत असेल तर गाडी तिथेच लावून बसने किंवा रिक्षाने घरी जा.